कमानीच्या पाट्याची पटाशी

मुंब्र्याहून पनवेलकडे येणाऱ्या रस्त्यावर, तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीपाशी मालमोटारींची जी अखंड वर्दळ चालते, तिच्या आश्रयाने रस्त्याच्या दुतर्फा दुरुस्तीची दुकाने उभी राहिली आहेत. आणि त्या दुकानांच्या दारांत झिजलेल्या कमानींचे पाटे, ब्रेकचे ड्रम, निकामी बेअरिंगे आणि मोडके आस यांचे ढीग साचलेले असतात. या ढिगातून पाट्याचा बोटभर तुकडा घ्यावा, त्याच्या जोडीला वाण्याकडचा साधा तारेचा खिळा घ्यावा, आणि दोन्ही जिन्नस एकाच निखाऱ्यात लालभडक तापवून एकाच बादलीतल्या पाण्यात बुडवावेत. खिळा पूर्वी वाकत होता तसाच याही वेळी वाकतो. पाट्याचा तुकडा मात्र हातोड्याच्या एका टोल्यासरशी कटकन मोडतो, आणि त्यावर कानस चालवू गेल्यास ती एकही कीस न काढता घसरत जाते. आता त्याच पाट्याचा दुसरा तुकडा तसाच लाल करून रात्रभर कोरड्या राखेत पुरून ठेवला, तर सकाळी कानस त्याला सहज खाते आणि करवतीचे पातेही त्यात शिरते.

दोन्ही वस्तूंना आपण लोखंडच म्हणतो. आग तीच, पाणीही तेच. मग एकाच्या अंगी हा विलक्षण पालट का होतो आणि दुसरा निर्विकार का राहतो, हा प्रश्न घरच्या घरी अवजार करू पाहणाऱ्या प्रत्येकापुढे पहिल्याच दिवशी उभा राहतो. त्याचे उत्तर कळल्यावाचून भंगारातून चांगले अवजार निर्माण होत नाही, आणि उत्तर कळले की एक करवत, दोन कानशी, हातोडा, सांडशी आणि कोळशाची लहान भट्टी एवढ्या सामग्रीवर सुताराच्या उपयोगाची उत्तम पटाशी तयार करता येते. ती कशी, हे येथे सविस्तर सांगावयाचे आहे.

कार्बनाचा कारभार

लोखंड आणि पोलाद यांतील भेद कार्बनामुळे पडतो, ही गोष्ट स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ टॉर्बर्न बर्गमन याने १७८१ साली प्रथम स्पष्टपणे दाखविली. त्यापूर्वी हजारो वर्षे लोहार पोलाद करीत होते आणि त्याला पाणीही देत होते, म्हणजे लाल तापवून बुडवून कठीण करीत होते. परंतु हे कशामुळे घडते ते कोणास ठाऊक नव्हते. खिळे, तारा आणि साध्या पट्ट्या ज्या सौम्य पोलादाच्या असतात, त्यात शंभर भागांत कार्बनाचा पाव भागही नसतो. मालमोटारीच्या कमानीच्या पाट्यात तो साधारणतः अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान असतो, चांगल्या कानशीत एक टक्क्याच्या वर जातो, आणि बिडाच्या ओतीव लोखंडात दोनपासून चार टक्क्यांपर्यंत पोहोचतो. प्रमाण एवढे अल्प असूनही सारा स्वभाव त्यावर अवलंबून असतो.

लोखंडाचे अणू स्फटिकात ठरावीक रचनेने मांडलेले असतात, आणि ही रचना उष्णतेने बदलते. थंड लोखंडातील मांडणी अशी असते की तिच्या सांदीकोपऱ्यांत कार्बनाच्या अणूला जवळजवळ जागाच मिळत नाही. म्हणून तो लोखंडाशी संयोग पावून वेगळ्या, कठीण संयुगाच्या रूपाने पातळ थरांत साठून राहतो. पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर तापले की अणूंची मांडणी पालटू लागते, त्यांच्यामधील पोकळ्या ऐसपैस होतात, ते संयुग विरघळते आणि कार्बन साऱ्या धातूत पसरतो. पोलाद घनच असते, वितळलेले नसते. तरीही त्याच्या पोटात हे विरघळणे घडते, ही वस्तुस्थिती मला आजही निसर्गाच्या थोर चमत्कारांपैकी एक वाटते.

पुढचे सारे निवण्याच्या गतीवर ठरते. तळोजा स्थानकात गाडी बराच वेळ थांबली तर उतरणारे उतारू शांतपणे उतरतात आणि डबा मोकळा होतो. परंतु थांबताक्षणी गाडी सुटली तर उतरू इच्छिणारे आतच अडकतात, एकमेकांवर रेलतात आणि कोणालाही हात-पाय हलविता येत नाही. राखेत पुरलेला पाटा ही पहिली स्थिती: कार्बनाला बाहेर पडून आपल्या थरांत जाण्यास अवकाश मिळतो आणि पोलाद मऊ होते. पाण्यात बुडविलेला पाटा ही दुसरी: लोखंडाची मांडणी थंड रूपाकडे वळू पाहते, पण कार्बन आतच कोंडला गेल्यामुळे तिला ताणलेली, वाकडी अशी एक तिसरीच रचना पत्करावी लागते. या रचनेला आडोल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. तिच्यात अणूंचे थर एकमेकांवरून सरकू शकत नाहीत, म्हणून ती कठीण. आणि सरकू शकत नाहीत म्हणूनच आघात होताच मोडते, म्हणून ती ठिसूळ. खिळ्यात मुळात कोंडला जाण्यासारखा कार्बनच अत्यल्प असल्यामुळे त्याच्यावर पाण्याचा परिणाम होत नाही.

भंगारातील जिन्नस पारखणे

कामाचा निम्मा भाग पारखण्यात असतो, आणि अननुभवी माणूस नेमका येथेच घाई करतो. पहिले साधन लोहचुंबक. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम आणि स्वयंपाकघरातील भांड्यांचे गंजरहित पोलाद यांपैकी बहुतेकांना तो चिकटत नाही, त्यामुळे ते जिन्नस तात्काळ बाजूला पडतात. पण सौम्य पोलाद आणि पाट्याचे पोलाद या दोहोंना तो सारखाच चिकटत असल्याने त्यांच्यातील निवाडा तो करू शकत नाही. त्यासाठी ग्राइंडरच्या ठिणग्या पाहाव्या लागतात. सौम्य पोलादाच्या ठिणग्या लांब, सरळ, पिवळसर रेषांच्या असतात आणि क्वचितच त्यांना फाटे फुटतात. पाट्याच्या पोलादाच्या ठिणग्यांना टोकाशी पुष्कळ फाटे फुटून लहान फुलोरा दिसतो. कानशीच्या ठिणग्यांत तर हा फुलोरा चाकापासूनच दाट होतो. कारण असे की, चाकाने उडविलेला धातूचा सूक्ष्म कण हवेत पेट घेतो, त्यातील कार्बन जळून त्याचा वायू होतो आणि तो वायू तप्त कणाला आतून फोडतो. कार्बन अधिक तितके स्फोट अधिक. बिडाच्या ठिणग्या मात्र आखूड आणि तांबूस असतात.

शेवटचा आणि निर्णायक दाखला आगीचा. मोठे काम हाती घेण्यापूर्वी पाट्याचा एक कोपरा कापून, लाल तापवून, पाण्यात बुडवून मोडून पाहावा. कानस घसरली आणि तुकडा कटकन मोडला, तर तो पाटा पटाशीस लायक आहे असे खुशाल समजावे.

बीड मात्र या कामी निरुपयोगी. ते घणाखाली फुटते. त्याला नवे रूप द्यायचे तर वितळवून ओतणे हाच मार्ग. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली तेव्हा १९१० साली किर्लोस्करवाडीस कारखाना काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी जुन्या तोफा मिळवून दिल्या आणि त्या वितळवून शेतकऱ्यांसाठी नांगर तयार झाले, ही हकीकत महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासात सन्मानाने सांगितली जाते. तोफेचा नांगर करणाऱ्या त्या कारखान्यापाशी ओतशाळा होती. घरी ओतशाळा नसते. म्हणून घरच्या कारागिराने घडवता येणारे पोलादच निवडावे.

पाटा पोलादाच्या दृष्टीने योग्य ठरला तरी आणखी एक तपास उरतो. लक्षावधी धक्के सोसून त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडलेल्या असू शकतात, आणि अशी चीर अवजारात राहिली तर पाणी देताना ती उलगडते. आगगाड्यांच्या जुन्या कार्यशाळांत वापरली जाणारी एक साधी युक्ती येथे उपयोगी पडते. पाटा घासून स्वच्छ करावा, त्यावर रॉकेल चोळून थोडा वेळ ठेवावे, मग ते कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घेऊन वर खडूची बारीक पूड पसरावी. चीर असल्यास तिच्यात मुरलेले रॉकेल खडूत पाझरते आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. रेघ उमटलेला भाग निःशंकपणे टाकून द्यावा.

भट्टी

मालमोटारीच्या ब्रेकचा टाकाऊ ड्रम बिडाचा, जाड आणि वाडग्याच्या आकाराचा असतो. भट्टीसाठी त्याहून सोयीचे भांडे शोधूनही मिळणार नाही. त्याच्या मधल्या भोकावर जाड लोखंडाची छिद्रे पाडलेली चकती ठेवावी, खालून नळी जोडावी आणि त्या नळीत लहान पंख्याचा किंवा हाताने फिरविण्याच्या भात्याचा वारा सोडावा. इंधन म्हणून लोणारी कोळसा घ्यावा. वारा नसता हा कोळसा मंद जळतो, कारण जळण्यास लागणारा प्राणवायू त्याच्यापर्यंत सावकाश पोहोचतो. वारा मिळाला की तेवढाच कोळसा थोड्या वेळात जळून उष्णता एकवटते आणि भट्टीचे मध्य १२०० अंशांच्या वर जाते.

वाऱ्याच्या तोंडाशी प्राणवायू विपुल असतो आणि तेथे ठेवलेल्या पोलादावर किट्ट चढते, शिवाय पृष्ठभागाचा कार्बनही जळून जातो. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप तोच कार्बन अशा रीतीने गमावणे शहाणपणाचे नव्हे. म्हणून पाटा वाऱ्याच्या तोंडापासून वर, निखाऱ्यांच्या मध्यभागी, वरूनही निखाऱ्यांनी झाकून ठेवावा.

ऐरणीसाठी अनेकांची नजर रुळाच्या तुकड्याकडे जाते. रेल्वेची मालमत्ता बेकायदा ताब्यात ठेवणे हा १९६६ च्या अधिनियमान्वये गुन्हा आहे, आणि दिवा–पनवेल मार्गालगत राहणाऱ्याने तर या बाबतीत विशेष जपून असावे. त्यापेक्षा कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारात जाऊन जाड आसाचा किंवा चौकोनी ठोकळ्याचा तुकडा वजनावर विकत घ्यावा आणि पावती जपून ठेवावी.

पाणी देणे आणि उतरवणे

पाटा प्रथम लाल करून राखेत पुरावा आणि पूर्ण निवल्यावर त्यातून हवी तेवढी अरुंद पट्टी करवतीने कापावी. कमानीचा बाक काढायचा तर पट्टी नारिंगी तापवून ऐरणीवर ठोकावी; रंग काळवंडू लागताच ठोकणे थांबवून पुन्हा तापवावी, कारण निवत आलेल्या पोलादावर घण चालविल्यास चिरा पडतात. मग कानशीने पटाशीचे रूप द्यावे: पुढे २५ ते ३० अंशांचा उतार, मागे दांड्यात शिरणारी निमुळती शेपटी. धार या वेळी पूर्ण आणू नये. कडेला सुमारे एक मिलिमीटर जाडी ठेवावी, नाहीतर ती पातळ कड इतर भागाच्या आधी निवून वाकते किंवा चिरते.

ठोकताना वारंवार तापविल्याने पोलादाचे कण मोठे आणि अंग भरड होते. ते सुधारण्यासाठी पट्टी दोन-तीनदा लाल करून नुसत्या हवेत निवू द्यावी. त्यानंतर खरे पाणी देण्याची वेळ येते. तापमान किती झाले हे कळण्यास पुन्हा लोहचुंबक मदतीला येतो: ७७० अंशांना लोखंडाचे चुंबकीय आकर्षण नाहीसे होते. पटाशीचे टोक चुंबकाला चिकटेनासे झाले की आणखी थोडे, रंगाची एक छटा उजळेपर्यंत तापवावे आणि तोंडाकडील दोन इंच भाग सरळ उभा बुडवावा.

येथे नाव पाण्याचे असले तरी पाट्याच्या पोलादाला तेलच मानवते. मार्टेन्साइट बनताना पोलाद किंचित फुगते. बाहेरचा थर आधी कठीण होतो, आतला भाग मागाहून फुगतो आणि बाहेरच्या थराला आतून ताण देतो. पाण्यात हा प्रकार इतक्या वेगाने होतो की पुष्कळदा चीर पडल्याचा ‘टिण्’ असा आवाजच ऐकू येतो. तेल उष्णता सावकाश ओढते. आणि पाट्याच्या पोलादात सिलिकॉन, मँगॅनीज किंवा क्रोमियम मिसळलेले असल्याने कार्बनाची हालचाल आधीच मंदावलेली असते, त्यामुळे तेलाची मंद गतीही त्याला कोंडण्यास पुरेशी होते. शेंगदाण्याचे किंवा मोहरीचे तेल ५०–६० अंशांपर्यंत कोमट करून घ्यावे. कोमट तेल पातळ होऊन धातूभोवती मोकळेपणी फिरते. भांडे धातूचे, खोल आणि झाकणाचे असावे. तेल पेटल्यास झाकण घालावे. त्यावर पाणी कदापि ओतू नये.

या क्षणी पटाशी कठीण आहे, पण दगडावर पडली तरी फुटेल इतकी ठिसूळ. म्हणून तत्काळ तिचे पाणी थोडे उतरवावे लागते. तिला मंद उष्णता दिली की कोंडलेल्या कार्बनापैकी काही भाग बाहेर सरकून सूक्ष्म कणांच्या रूपाने साठतो, ताण सैल होतो, कठीणपणा किंचित घटतो आणि चिवटपणा पुष्कळ वाढतो. किती उष्णता दिली हे पोलाद स्वतःच रंगाने सांगते. एक बाजू लख्ख घासून मागच्या अंगाने तापविली की तिच्यावर प्राणवायूच्या संयोगाने अत्यंत पातळ पापुद्रा चढतो. पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून काही रंग नाहीसे होतात, आणि पापुद्रा जाडावेल तसा उरलेला रंग पालटत जातो.

चौकट: घासलेल्या पोलादावरील रंग
फिकट गवती पिवळा, सुमारे २२० ते २३० अंश: लाकडाची पटाशी, रंध्याचे पाते
गडद पिवळा ते तपकिरी, सुमारे २४० ते २६० अंश: कोयता, कुऱ्हाड
जांभळा, सुमारे २७० ते २८० अंश: लोखंड तोडण्याची छिन्नी
निळा, सुमारे ३०० अंश: पेचकस आणि लवचीक पट्ट्या

ज्यांच्या घरी केक भाजण्याचा विजेचा ओव्हन आहे, त्यांनी पटाशी २२० अंशांवर तासभर ठेवून निवू द्यावी आणि हा क्रम एकदा पुन्हा करावा. रंग पाहण्याची दगदग वाचते आणि परिणाम अधिक सारखा मिळतो.

गावोगाव पाल ठोकून राहणारे घिसाडी पाणी देणे आणि उतरवणे ही दोन्ही कामे एकाच तापात उरकतात. स्त्री घण घालते, पुरुष सांडशीत धरून पाते फिरवितो. विळ्याची वा कोयत्याची तापलेली कडच तेवढी क्षणभर पाण्यात बुडवून तो बाहेर काढतो, दगडावर घासून चकाकी आणतो आणि पाठीत शिल्लक राहिलेली उष्णता कडेकडे सरकत असता रंगाकडे लक्ष ठेवतो. योग्य छटा कडेला पोहोचताच पाते पुन्हा पाण्यात जाते. कोणतेही मापन-यंत्र हाताशी नसता, मालमोटारीच्या टाकाऊ पाट्यावर, उघड्या रस्त्याकडेला चालणारी ही विद्या पदवीधर धातुशास्त्रज्ञाने टोपी उतरवून पाहावी अशी आहे. शाळांतून ती अभ्यासक्रमात यावी असे मला मनापासून वाटते. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन करून, प्रत्यक्ष काम करीत विज्ञान शिकण्याची जी पद्धत रुजविली, तिचे अनुकरण तळोज्यासारख्या कारखान्यांच्या गावी तर अगदी सहज होण्याजोगे आहे. येथे कच्चा माल दाराशी पडलेला असतो.

ज्याला हात लावू नये

तळोज्यात रासायनिक कारखान्यांची संख्या मोठी असल्याने त्यांची रिकामी पिंपे स्वस्तात विकावयास येतात. ती कितीही मजबूत दिसली तरी घेऊ नयेत. रिकाम्या पिंपात द्रवाची वाफ शिल्लक असते आणि ग्राइंडरच्या एका ठिणगीने तिचा स्फोट होतो. अशा स्फोटांत माणसे मृत्युमुखी पडल्याच्या घटना कारखान्यांच्या जगात वारंवार घडतात. जस्ताचा मुलामा दिलेली नळी आगीत घालू नये: जस्त ९०७ अंशांना उकळते आणि त्याचा पांढरा धूर श्वासात गेल्यास काही तासांत हुडहुडी भरून ताप येतो. मोटारीचे बंद धक्काशोषक किंवा कोणतीही दोन्ही टोके बंद असलेली नळी भट्टीत फुटते. वापरलेले इंजिनचे तेल फुकट मिळते म्हणून पाणी देण्यास वापरू नये, कारण त्यातील द्रव्यांचा धूर विषारी असतो. डोळ्यांवर चष्मा, पायांत जाड बूट आणि अंगावर सुती कपडे हवेतच. कृत्रिम धाग्याचा कपडा ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो.

लाकडाच्या बाबतीतही सावधगिरी हवी. न्हावा-शेवा बंदरातून येणाऱ्या मालाच्या खोक्यांच्या आणि फळ्यांच्या बैठकांच्या लाकडावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो. त्याजवळ ‘एचटी’ ही अक्षरे असतील तर ते लाकूड केवळ उष्णतेने निर्जंतुक केलेले असते आणि निर्धास्तपणे वापरावे. ‘एमबी’ असेल तर त्यावर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूचा प्रयोग झालेला असतो, ते सोडून द्यावे. अर्थात खोक्यांचे हे लाकूड बहुधा मऊ असते. पेटी किंवा फळीसाठी ते उत्तम, पण हातोड्याचे घाव सोसणारा दांडा त्याचा टिकत नाही.

दांडा आणि पहिला काप

दांड्यास वाळलेली बाभूळ घ्यावी. शेपटीसाठी भोक पाडताना ते तोंडाशी रुंद आणि आत निमुळते करावे आणि तोंडावर पितळी नळीचा वीतभर नव्हे, बोटाच्या एका पेराएवढा तुकडा कडे म्हणून घट्ट बसवावा. हातोडा बसला की शेपटी पाचरेप्रमाणे दांडा फाडू पाहते आणि ते कडे त्याला आवळून धरते. मग दगडावर धार लावावी. ग्राइंडर वापरायचाच असेल तर पात्याला हात लावता येईल इतके ते थंड राहिले पाहिजे, आणि त्यासाठी क्षणोक्षणी पाण्यात बुडवीत जावे. कडेवर निळी छटा दिसली की तेवढ्या भागाचे पाणी उतरून गेले असे समजून तो घासून टाकावा.

पटाशी साधली की नाही याची परीक्षा सागाच्या तुकड्यावर घ्यावी. तुकडा उभा धरून त्याच्या टोकाच्या आडव्या कापलेल्या अंगावरून पातळ साल काढावी आणि मग कड उजेडात न्याहाळावी. कडेचे बारीक कण तुटले असतील तर पाणी फार कडक राहिले; पटाशी पुन्हा ओव्हनमध्ये आणखी दहा अंश अधिक तापवावी आणि धार लावून पुन्हा पाहावी. कड दुमडली असेल तर पाणी बसलेच नाही किंवा अधिक उतरले. तिला पुन्हा लाल करून तेलात बुडविण्यावाचून गत्यंतर नाही. यांपैकी काहीच न होता कापलेला पृष्ठभाग गुळगुळीत, तुळतुळीत निघाला, तर पाटा बरोबर पारखला गेला आणि पाणीही बरोबर बसले. अशी पटाशी नियमितपणे धार लावीत गेल्यास अनेक वर्षे काम देते.